निरीक्षकाची पदोन्नती आणि औषधाची बाटली

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं एकामागोमाग एक नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती. साधा सर्दी-खोकला, त्यावर सिरप, आणि काही दिवसांत लघवी बंद. वीसहून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. औषधात या विषारी द्रावकाची मर्यादा ०.१ टक्का आहे.

कंपनी, डॉक्टर, दुकानदार यांच्यावर भरपूर लिहून आलं. आतल्या पानावरची एक बातमी मात्र लवकर विसरली गेली: कारखान्याची तपासणी वेळेवर केली नाही म्हणून तमिळनाडूत दोन वरिष्ठ औषध निरीक्षक निलंबित झाले. मध्य प्रदेशातही निरीक्षकांवर कारवाई झाली. 'झोपले होते सगळे' एवढं म्हणून लोक पुढे गेले. पण याच तमिळनाडूच्या यंत्रणेने मध्य प्रदेशचं पत्र मिळाल्यावर सुट्टीच्या दिवसांत, दोन दिवसांच्या आत नमुना तपासून निकाल दिला होता. एकाच खात्याचा एक हात इतका चपळ आणि दुसरा इतका ढिला कसा?

याचं पूर्ण उत्तर एका लेखात मावणार नाही. पण त्यातला एक मोठा भाग असा आहे की ज्यावर बातमी होत नाही, कारण तो आस्थापना शाखेच्या फायलीत असतो. औषधांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला नोकरीत काय शिकायला मिळतं, पुढे कुठे जाता येतं, किती वर्षांनी जाता येतं, आणि तोवर त्याच्याकडे किती खुर्च्यांचा चार्ज असतो, हे सगळं त्यात येतं.

देखरेख करणारं खातं म्हणजे कोण?

महाराष्ट्रात औषधांवर देखरेख करतं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे बोलीतलं एफडीए. कायदा १९४०चा, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, नियम १९४५चे. औषध शाखेची शिडी अगदी आखूड आहे. खाली औषध निरीक्षक, त्यावर सहायक आयुक्त, त्यावर सह आयुक्त, आणि सगळ्यांत वर आयुक्त, जे बहुधा आयएएस असतात. म्हणजे फार्मसी शिकून खात्यात आलेल्या माणसाला आयुष्यभरात चढायला मोजून दोन पायऱ्या. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे. गंजीपेठेतला ठोक दवाबाजार, हिंगणा-बुटीबोरी-कळमेश्वरचे कारखाने, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची औषध भांडारं, रक्तकेंद्रं आणि गल्लोगल्लीची मेडिकल स्टोअर्स, सगळं याच मोजक्या माणसांकडे.

अशा खात्याची एक गोष्ट लक्षात घेतली की बाकीचं समजायला सोपं जातं. ते स्वतः काहीच बनवत नाही. महावितरण वीज पुरवतं, एसटी माणसं पोचवते. एफडीए फक्त निर्णय घेतं. हा माल थांबवा, तो सोडा. या दुकानाचा परवाना निलंबित करा, त्याला नोटीस द्या. निर्णय माणूस घेतो, आणि म्हणून तो माणूस किती तयार झाला आहे यावर खात्याची कामगिरी उभी असते.

'करिअर विकास' हा शब्द यापुढे फक्त एवढ्याच अर्थाने: कामातून आणि प्रशिक्षणातून माणूस पक्का होणं, पक्का झाल्यावर त्याला वरची जबाबदारी मिळणं, आणि हे कधी होईल याचा त्याला आधी अंदाज असणं. नुसती पगारवाढ यात येत नाही. ती का येत नाही, ते पुढे बघू.

एक नमुना घेण्यात किती कसब लागतं?

बाहेरून पाहिलं तर निरीक्षक दुकानात जातो, चार बाटल्या उचलतो, प्रयोगशाळेत पाठवतो. प्रत्यक्षात कायद्याच्या कलम २३ मधली प्रत्येक ओळ पुढे कोर्टात उभी राहते.

आधी 'फॉर्म १७'मध्ये लेखी सूचना द्यायची, की हे औषध तपासणीसाठी घेतोय. रास्त किंमत द्यायची, पावती घ्यायची. मग दुकानदारासमोर चार भाग करायचे: एक त्याला परत, एक शासकीय विश्लेषकाला, एक कोर्टासाठी, आणि एक ज्याच्याकडून माल आला त्या कंपनी वा पुरवठादारासाठी. कारखान्यातूनच नमुना घेतला तर तीन भाग पुरतात. सिरपसारख्या लहान बाटल्या असतील तर त्या फोडून ओतायच्या नाहीत. सीलबंद बाटल्याच घ्यायच्या, आणि सगळ्या एकाच बॅचच्या. नवखा माणूस चुकतो तो इथे. फळीवर एकाच नावाच्या दोन बॅच शेजारी असतात, घाईत तीन बाटल्या एकीच्या आणि एक दुसरीची उचलली जाते. दीड वर्षाने आरोपीच्या वकिलाने कोर्टातली बाटली हातात घेऊन बॅच नंबर मोठ्याने वाचला, की झालं.

प्रत्येक भागावर लाखेचं सील. दुकानदाराला आपलंही सील लावायचा हक्क आहे, आणि तो त्याला सांगावा लागतो. प्रयोगशाळेला पाकीट 'फॉर्म १८'च्या ज्ञापनासोबत जातं. शिवाय त्या ज्ञापनाची एक प्रत आणि सीलचा ठसा *वेगळ्या* टपालाने किंवा हातपोच पाठवायचा असतो, म्हणजे वाटेत पाकीट उघडून पुन्हा लाख लावली का ते विश्लेषकाला ताडता येतं. हा वेगळा ठसा पाठवायचं राहून जाणं ही क्षुल्लक वाटणारी चूक आहे, आणि आरोपीच्या वकिलाला अशीच चूक हवी असते.

यानंतर घड्याळ चालू होतं. औषध अप्रमाणित निघालं, तर अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत समोरच्या पक्षाला 'आम्हाला हा अहवाल मान्य नाही' असं कळवता येतं. मग कोर्टाकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत फेरतपासणीला जाऊ शकतो. पण तोवर औषधाची मुदत संपली असेल, तर फेरतपासणीचा हक्कच हिरावला गेला असं म्हणत खटला कोसळू शकतो. म्हणून जाणता निरीक्षक नमुना उचलतानाच मुदतीची तारीख बघतो. सहा महिने उरलेली बाटली आणि दोन वर्षं उरलेली बाटली यांत तो दुसरी घेतो. किमान पहिली घेतल्यावर फाईल टेबलावर पडू देत नाही.

यातलं प्रत्येक काम पुस्तकात लिहिलेलं आहे. ते हातात मात्र येतं एखाद्या मुरलेल्या माणसाच्या मागे पाच-पन्नास नमुने घेतल्यावरच. नव्या निरीक्षकाला रुजू झाल्या आठवड्यात स्वतंत्र तालुका देऊन टाकला, तर तो हे शिकतो खऱ्या खटल्यांत चुका करून, आणि त्या चुकांचे निकाल यायला वर्षं लागतात. तोवर त्याची बदली झालेली असते. चूक त्याला कधी कळतच नाही.

कळमेश्वरच्या गोळ्या

नागपूरकरांना जवळचं उदाहरण हवं असेल तर हे. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला होता. २०२३च्या अखेरीस अहवाल आला: गोळीत औषधच नाही. पुढे मेयोच्या भांडारातही तोच माल सापडला. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये दोषारोपपत्र दाखल केलं, त्यात या बनावट प्रतिजैविकांत टॅल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं आणि ती हरिद्वारच्या एका पशुऔषधांच्या प्रयोगशाळेत बनल्याचं म्हटलं होतं.

या प्रकरणाकडे दोन बाजूंनी बघता येतं. दुकानात जाऊन नामांकित कंपनीची पॅरासिटामॉल उचलली तर नमुन्यांचा आकडा भरतो, सापडत काही नाही. सरकारी भांडारातली, निविदेतून आलेली, अनोळखी उत्पादकाची, मोठ्या संख्येने वाटली जाणारी प्रतिजैविकाची गोळी उचलावी हे ज्याला सुचतं, त्याचा हात बसलेला असतो. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू म्हणजे नमुना आणि अहवाल यांच्यातलं अंतर. कलम २२खाली निरीक्षक संशयित साठ्याची विक्री थांबवू शकतो, पण जास्तीत जास्त २० दिवस. अहवाल त्या वीस दिवसांत आला नाही, आणि जप्तीएवढा आधार हाताशी नसेल, तर माल पुन्हा वाटपात जातो. म्हणजे निरीक्षक कितीही तयार असला, तरी प्रयोगशाळेत विश्लेषकच कमी असतील तर त्याची तयारी वाया जाते.

वरच्या खुर्चीसाठी अनुभव कायद्यानेच मागितला आहे

आता या विषयातला कळीचा भाग. करिअर विकास म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कल्याणाची, जमलं तर करायची गोष्ट, असा सर्वसाधारण समज असतो. औषध खात्यात तो मुळीच खरा नाही, कारण १९४५च्या नियमांत ती अट म्हणून बसलेली आहे.

निरीक्षक व्हायला फार्मसीची पदवी (किंवा औषधशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेली वैद्यकीय पदवी) लागते. पण लस, सीरम, इंजेक्शनं अशा अनुसूची 'सी'मधल्या औषधांचा कारखाना तपासायचा, तर पदवी पुरत नाही. नियम ४९प्रमाणे अशा औषधाच्या उत्पादनाचा किंवा तपासणी प्रयोगशाळेचा १८ महिन्यांचा अनुभव हवा, किंवा निरीक्षक म्हणून असे कारखाने तपासल्याची तीन वर्षं हवीत. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला नियम ४९अ उत्पादन, तपासणी वा अंमलबजावणीचा किमान पाच वर्षांचा अनुभव मागतो. शासकीय विश्लेषकालाही औषध तपासणीचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर पदवी असेल तर तीन.

याचा अर्थ नीट लावा. आज परवाना अधिकाऱ्याची खुर्ची भरायची असेल, तर किमान पाच वर्षांपूर्वी कुणीतरी खाली रुजू झालेला असला पाहिजे, आणि मधल्या वर्षांत त्याने प्रत्यक्ष काम केलेलं असलं पाहिजे. २०१५ ते २०२० या काळात भरती थांबली, तर त्याचा चटका २०१५मध्ये बसत नाही. तो दहा वर्षांनी बसतो, जेव्हा वरचे निवृत्त होतात आणि खाली पात्र माणूस सापडत नाही. मग 'प्रभारी' नावाची सोय निघते. जाहिरात काढून निरीक्षक मिळतील. पाच वर्षांचा अनुभव जाहिरातीने मिळत नाही.

साखळी तुटते कुठे?

पहिली जागा म्हणजे अतिरिक्त कार्यभार. औषध नियमनावरच्या २००३च्या माशेलकर समितीने प्रमाण सांगितलं होतं: ५० कारखान्यांमागे एक निरीक्षक आणि २०० विक्री केंद्रांमागे एक. हिशोब करून बघा. पाच दिवसांचा आठवडा, सण-सुट्ट्या, रजा वजा जाता वर्षाला साधारण २२० कामाचे दिवस उरतात. २०० दुकानांची वर्षाला एकेक तपासणी, दिवसाला एक दुकान म्हटलं, तर कोर्टाच्या तारखा, तक्रारी, नमुने, विधिमंडळाचे प्रश्न यांना मिळून वीस दिवस शिल्लक. हे झालं आदर्श प्रमाण. आता समजा तीन निरीक्षकांचं काम एकाकडे आलं. तो सहाशे दुकानं तपासत नाही. तो सहाशे दुकानांच्या नोंदी करतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय चार्ज वाढला की शिकणं पहिल्यांदा बंद होतं. प्रशिक्षणाला नाव गेलं, की साहेब म्हणतात, 'तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार?' आणि ते खोटं नसतं.

दुसरी जागा पदोन्नतीची. ज्येष्ठता यादी अंतिम होत नाही, ती झाली तर कुणी हरकत घेतं, हरकत मिटली तर विभागीय पदोन्नती समितीची बैठक लांबते, समिती बसली तर दोघांचे गोपनीय अहवाल सापडत नाहीत. सरकारने यावर आश्वासित प्रगती योजना काढली आहे: १०, २० आणि ३० वर्षांनी वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, पद तेच राहतं. कुटुंबाच्या दृष्टीने ही योजना चांगलीच आहे. देखरेखीच्या दृष्टीने तिचा उपयोग थोडा, कारण तिच्यामुळे कुणी नवं काम शिकत नाही आणि कुणाला नवा अधिकार मिळत नाही. वीस वर्षं नोकरी झालेला निरीक्षक वरच्या पदाचा पगार घेतो आणि मेडिकल स्टोअरचं बिलबुक तपासतो. पगारवाढ म्हणजे करिअर विकास नव्हे, ते यासाठी.

तिसरी जागा कुणी फारशी बोलत नाही. पदोन्नती वेळेत मिळाली तरी वरचं काम *वेगळं* असतं. निरीक्षक पुरावा गोळा करतो. सहायक आयुक्त अर्धन्यायिक काम करतो, म्हणजे कारणे दाखवा नोटीस काढणं, दुकानदाराचं म्हणणं ऐकणं, आणि सकारण आदेश लिहिणं. 'खुलासा समाधानकारक नाही, सबब परवाना रद्द' अशा एका ओळीच्या आदेशाचं अपिलात काय होतं हे सांगायला नको. अपील सरकारकडे, म्हणजे व्यवहारात मंत्र्यांकडे जातं, आणि स्थगिती मिळते. लोक म्हणतात राजकीय दबाव. कधी तो असतोही. पण पुष्कळदा आदेशच इतका कच्चा असतो की दबावाची गरज पडत नाही. दहा-पंधरा वर्षं पंचनामे लिहिलेल्या माणसाला आदेश लिहायला कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि नियम थांबत नाहीत. औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींची सुधारित अनुसूची 'एम' मोठ्या कंपन्यांना १ जुलै २०२४पासून लागू झाली, लहान-मध्यम उद्योगांना मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५पर्यंत दिली गेली. जुन्या अनुसूचीत निरीक्षक भिंती, फरशी, हवा, नोंदवह्या बघायचा. नव्या अनुसूचीत गुणवत्ता-जोखीम व्यवस्थापन, प्रत्येक उत्पादनाचा वार्षिक गुणवत्ता आढावा, संगणक प्रणालीची वैधता असं सगळं आहे. कंपनीच्या गुणवत्ता विभागातल्या माणसाने त्यावर दोन-चार कार्यशाळा केल्या असतील आणि निरीक्षकाने एकही नाही, तर तपासणीत कोण कुणाला शिकवेल?

छिंदवाड्याच्या संदर्भात हे अगदी ठोस करता येतं. सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. त्याचं औषधी दर्जाचं पिंप महाग, औद्योगिक दर्जाचं स्वस्त, आणि विषारी ग्लायकॉलची भेसळ असते ती बहुधा स्वस्तात. तयार निरीक्षक कारखान्यात शिरल्यावर आधी कच्च्या मालाच्या खोलीत जातो. पिंपावरचं मूळ उत्पादकाचं लेबल, खरेदीचं बिल, विश्लेषण प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच बॅच नंबर आहे का? प्रमाणपत्र मूळ उत्पादकाचं आहे की मधल्या व्यापाऱ्याने आपल्या लेटरहेडवर छापलेलं? ओळख-चाचणी प्रत्येक पिंपाची केली की एकाची करून दहांची लिहिली? यंत्रावरच्या नोंदीची वेळ आणि वहीतली वेळ जुळते का? हे चार प्रश्न अर्ध्या तासाचे आहेत. पण ते सुचायला आधी कुणीतरी दाखवलेलं असावं लागतं.

मग कामगिरी मोजायची कशी?

इथे बहुतेक खाती घसरतात. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात सोपे आकडे असतात: तपासण्या किती, नमुने किती, नोटिसा किती. क्रिकेटच्या पंचाला त्याने दिवसभरात किती जणांना बाद दिलं यावर गुण द्यायचं ठरलं, तर काय होईल ते बघायला जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत जायची गरज नाही. पंच बोट वर करत सुटेल, किंवा लक्ष्य गाठल्यावर हात खिशात घालून उभा राहील. निरीक्षकाचंही तेच होतं. मार्चमध्ये नमुन्यांचा पाऊस, तोही जवळच्या दुकानांतून, सोप्या औषधांचा.

मोजायचं ते जरा अवघड असतं, पण मोजता येतं. नमुना उचलल्यापासून अहवाल हातात येईपर्यंत किती दिवस गेले. अप्रमाणित बॅचचा किती माल बाजारातून खरोखर परत आला. अपिलात किती आदेश टिकले. त्याच दुकानात तोच दोष पुढच्या तपासणीत पुन्हा सापडला का. हे आकडे माणसाच्या तयारीशी थेट जोडलेले आहेत, आणि पदोन्नतीच्या फायलीत हेच असायला हवेत.

यात एक फसगत आहे. निरीक्षक हुशार झाले की सुरुवातीला आकडे *बिघडतात*. अप्रमाणित औषधांचं प्रमाण वाढतं, कारण आता ते सापडू लागतात. बातमी येते, 'जिल्ह्यात निकृष्ट औषधांचा सुळसुळाट', विधानसभेत लक्षवेधी लागते, आणि ज्याने काम केलं त्याच्याकडेच खुलासा मागितला जातो. शेजारच्या जिल्ह्यात काहीच सापडलेलं नसतं, म्हणून तिथे शांतता. या एका गोष्टीने जेवढं खच्चीकरण होतं तेवढं पगार अडल्याने होत नसावं.

'आधी पदं भरा, बाकी नंतर'

आक्षेप रास्त आहे, अर्धा. रिकाम्या खुर्चीला कुणी प्रशिक्षण देऊ शकत नाही. पण एकदम शंभर जण भरले आणि त्यांना शिकवायला मधल्या फळीत कुणी नाही, तर ते शंभर जण एकाच वेळी त्याच चुका करतील. शिवाय एकाच वर्षी आलेली तुकडी एकाच वेळी बढतीला पात्र होते, वरची पदं मोजकी असतात, म्हणून एकदम अडकते, आणि निवृत्तही एकदम होते. दहा वर्षांत एकदा मोठी भरती करण्यापेक्षा दरवर्षी थोडी भरती केव्हाही बरी. पदसंख्या तेवढीच राहिली तरी.

'शिकवलं की कंपन्या पळवून नेतात'

काही जण जातात. पण न शिकवलेला माणूस तीस वर्षं राहतो, त्याची किंमत कोण मोजतो? यावर पूर्ण उपाय नाही. कमी करायचे उपाय आहेत. महागड्या प्रशिक्षणानंतर ठरावीक वर्षांची हमी लिहून घेणं हा एक. दुसरा, आणि माझ्या मते जास्त कामाचा, म्हणजे क्षेत्रातच राहून वर जायची वाट. इंजेक्शनांचे कारखाने, रक्तकेंद्रं, वैद्यकीय उपकरणं, औषध-खटले अशा एकेका विषयात जो तयार झाला, त्याला सहायक आयुक्ताची खुर्ची रिकामी होण्याची वाट बघायला न लावता 'तज्ज्ञ निरीक्षक' म्हणून वरची श्रेणी आणि विभागभर फिरण्याचा अधिकार द्यावा. आज उत्तम निरीक्षकाला बढती दिली की क्षेत्रातला चांगला माणूस जातो आणि कार्यालयात एक मध्यम प्रशासक येतो.

'मुळात भ्रष्टाचार आहे, प्रशिक्षणाने काय होणार?'

ज्याने दुकान मांडूनच बसायचं ठरवलं आहे, त्याला प्रशिक्षण दिलं तर तो जास्त हुशारीने पैसे खाईल. तिथे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचंच काम. पण खात्यात मोठी संख्या मधल्या लोकांची असते. हे लोक प्रामाणिक राहू इच्छितात, पण प्रामाणिक राहून काही मिळत नाही आणि न राहून काही बिघडत नाही, हे रोज बघतात. पुढे पायरी आहे, आणि ती स्वच्छ नोंदीवर मिळते, असं दिसलं तर त्यांच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. पायरीच नसेल, तर दुकानदाराचं पाकीट हीच एक बढती उरते.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. विष हेच, डायएथिलीन ग्लायकॉल. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने आपल्या अहवालात एफडीएच्या कारभारावर आणि त्यातल्या राजकीय हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले. ज्याची बदली एका फोनवर होऊ शकते, तो निरीक्षक मोठ्या कंपनीचा माल अडवताना दोनदा विचार करणारच. बदलीचा कालावधी ठरलेला असणं आणि तो पाळला जाणं हाही म्हणून करिअर विकासाचाच भाग आहे.

'तपास पोलिसांनी करावा, फार्मसीवाल्यांनी कशाला?'

फसवणूक, बनावट कागदपत्रं असे भाग पोलीस बघतातच. पण औषध कायद्यातल्या गुन्ह्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं, की त्या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या गुन्ह्यांत पोलिसांना स्वतंत्रपणे गुन्हा नोंदवून तपास करता येत नाही. ते काम औषध निरीक्षकाचं, अटकेसह. म्हणजे औषधशास्त्राचा पदवीधर हाच तपास अधिकारी. जबाब कसा नोंदवायचा, बँक खात्यांचा माग कसा काढायचा, डिजिटल पुरावा कसा जपायचा, आरोपीचे कोणते हक्क पाळायचे, यातलं काहीही बी.फार्मच्या अभ्यासक्रमात नाही. नागपुरात वनामती या सरकारी प्रशिक्षण संस्थेत राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं होतात, कर्मयोगी पोर्टलवर ऑनलाइन पाठ आहेत. सर्वसाधारण कार्यालयीन कामासाठी ते ठीक. पण स्क्रीनवर पाठ पुढे ढकलून मिळालेल्या प्रमाणपत्राने लाखेचं सील नीट बसत नाही. त्याला सरकारी वकिलांसोबत बसून हरलेल्या खटल्यांच्या फायली वाचाव्या लागतात, कुठली ओळ नडली ते बोट ठेवून बघावं लागतं. खर्च जवळजवळ शून्य. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि चार्ज तीन तालुक्यांचा असेल तर तोच नसतो.

नागरिकाला काय विचारता येईल?

'औषधं सुरक्षित आहेत का' असा प्रश्न विचारला तर 'होय' असं उत्तर येतं. माहिती अधिकारात नेमकं मागावं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सह आयुक्त (औषधे) यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते असं: विभागात निरीक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, किती अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार आहे आणि किती महिन्यांपासून, गेल्या वर्षी घेतलेल्या प्रत्येक नमुन्याची तारीख आणि त्याच्या अहवालाची तारीख, त्यातले किती नमुने सरकारी रुग्णालयांच्या भांडारांतून होते, सुधारित अनुसूची 'एम'चं प्रशिक्षण किती निरीक्षकांना, किती दिवसांचं झालं, शेवटची पदोन्नती समिती कधी बसली.

नावं मागू नयेत. व्यक्तिगत माहिती म्हणून अर्ज नाकारायला निमित्त मिळतं. नमुन्यांच्या तारखा तक्त्यात मागाव्यात, 'सरासरी दिवस' मागू नयेत, कारण उपलब्ध नोंद द्यायचं बंधन आहे, नवा हिशोब करून द्यायचं नाही. तो हिशोब आपणच करायचा. 'माहिती निरंक' असं उत्तर आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करावं. आणि नुसत्या पदांच्या आकड्यावर थांबू नये. सगळी पदं भरलेली आणि अहवालाला सात महिने, असंही असू शकतं, तेव्हा पुढचा अर्ज प्रयोगशाळेतल्या विश्लेषकांच्या पदांसाठी करावा.